कंपासपेटीत व्हेप सापडलं. आता फोन काढून घ्यायचा का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. दप्तर धुवायला काढलंत तर कंपासपेटीत हायलायटरसारखी कांडी मिळाली, म्हणजे व्हेप, ई-सिगारेट, तिला आंब्याच्या गोळीसारखा वास. मग त्याचा फोन उघडून पाहिलात, तर त्याच्या दुसऱ्या अकाउंटवर गच्चीत मित्रांबरोबर गांजा ओढतानाची स्टोरी. यजमान म्हणतात, फोन काढून घ्या आणि त्याला गावी आजोबांकडे पाठवा. तुम्हाला वाटतं, चांगला मुलगा होता, मोबाईलने बिघडवला. तुम्ही विचारलंय की फोन काढून घेऊ का, लघवीची टेस्ट करू का, आणि आठवीतल्या धाकटीला यातलं काही कळू द्यायचं नाही असं ठरवलंय ते बरोबर ना. त्याच्याशी मात्र अजून एक अक्षरही बोलला नाहीत.

बोलला नाहीत हे फार बरं झालं. पहिल्या रागात झालेलं बोलणं निस्तरायलाच नंतर महिने जातात.

मी पुण्यात बावीस वर्षं व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते. गेली दहा वर्षं माझ्याकडे येणारे बहुतेक तेरा ते एकोणीस वयाचेच असतात. खाली जी उदाहरणं देते त्यातले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तुमचा प्रश्न वरवर फोनचा आहे. मला तो वेगळा दिसतो. उद्या याहून मोठं काही घडलं, तर हा मुलगा तुम्हाला येऊन सांगेल का? फोन, टेस्ट, गाव, शिक्षा, यातलं काहीही करायच्या आधी एवढं पाहा की त्यामुळे त्याची सांगायची वाट उघडी राहते की बंद होते.

हे मी इतकं ठासून का म्हणते ते एका मुलीमुळे. वय सतरा. मार्क घसरले आणि कपाटातले पैसे कमी व्हायला लागले म्हणून आई घेऊन आली होती. पहिल्या दोन भेटींत ती जवळजवळ काहीच बोलली नाही. फोन माझ्या टेबलावर पालथा ठेवलेला. तो थरथरला की ती त्यावर तळहात दाबून धरायची, उतू जाणाऱ्या भांड्यावर झाकण दाबावं तशी. तिसऱ्या भेटीत आईला बाहेर बसवलं आणि मी एकच विचारलं, ‘या फोनमध्ये कोण आहे?’ मग सगळं बाहेर आलं. एका वाढदिवसाला तिने जॉइंटचे, म्हणजे गांजा भरलेल्या सिगारेटचे, दोन झुरके घेतले होते. आयुष्यात तेवढेच. कोणीतरी व्हिडिओ काढला. तो एकदा पाहिला की नाहीसा होतो अशा स्वरूपात तिला पाठवला आणि खाली लिहिलं, पाचशे दे. मग हजार. हे तीन महिने चाललं होतं. रात्री झोप लागेना म्हणून ती आजीच्या डब्यातली झोपेची गोळी घ्यायला लागली होती. आधी अर्धी, मग एक, मग दोन. गांजाने तिला धरलं नव्हतंच. गोळीने धरलं, आणि गोळीपर्यंत तिला नेलं भीतीने.

तिची आई वाईट नव्हती. पण घरात एक वाक्य नेहमीचं होतं, ‘असलं काही केलंस तर तोंड दाखवू नकोस.’ मुलीने ते शब्दशः पाळलं होतं.

म्हणून सोशल मीडियाने काय बदललं असं मला पालक विचारतात तेव्हा मी आधी हेच सांगते की आता चूक मागे उरते. १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं तेव्हा ब्राउन शुगरची, म्हणजे गर्दची लाट होती. ती भयंकरच होती. पण तेव्हाच्या पोराने कट्ट्यावर एक झुरका मारून पाहिला आणि सोडून दिला, तर ते त्याच्यापुरतं राहायचं. आज तोच झुरका कोणाच्या तरी गॅलरीत पडून असतो. मुलं नशा लपवतात हे खरं, पण पुष्कळदा ती नशेपेक्षा व्हिडिओ लपवत असतात.

दुसरा बदल दिसण्याचा. वर्गातल्या चाळीस मुलांतली तीन-चार काही घेत असतील, पण स्टोरीवर तीच दिसतात. न घेणारी छत्तीस-सदतीस मुलं ‘आज मी काही घेतलं नाही’ अशी स्टोरी टाकत नाहीत. त्यामुळे आपण एकटेच मागे राहिलो असं मुलाला प्रामाणिकपणे वाटतं. एक रील शेवटपर्यंत पाहिलं की तसलीच दहा समोर येतात, त्यात धुराची वलयं असतात, गाणं असतं, हसणारी देखणी मुलं असतात. दुसऱ्या दिवशीचा खोकला कोणी चित्रित करत नाही.

आणि मिळण्याचा. पूर्वी टपरी कुठली हे आईबापांना ठाऊक असायचं. शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, पण हातातल्या फोनला कुठलं अंतर मोजणार? ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं हे सगळं २०१९ पासून देशभर बेकायदा आहे. तरी ती कंपासपेटीपर्यंत पोचली. ती ओळखीच्या ओळखीने येते, बहुधा एखाद्या सीनियरकडून, आणि पैसे यूपीआयने जातात.

आता तुमच्या मुलाबद्दल. इथून पुढचं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुमच्या पत्रावरून मला ते ठरवता येणार नाही. महिन्यातून एकदा मित्रांत बसून ओढणारा आणि रोज रात्री एकटा बाथरूममध्ये ओढणारा, या दोघांच्या आयांना मी एकच सल्ला देणार नाही. माझ्याकडे मुलगा आला की मी दोन गोष्टी हमखास विचारते. दिवसातला पहिला पफ किती वाजता? आणि एकटा असताना घेतोस का? उठल्यापासून अर्ध्या तासात हात त्या कांडीकडे जात असेल, तर निकोटिनची पकड बसली आहे. एकटा घेत असेल, तर ती त्याचं काहीतरी काम करते आहे. ते काम कुठलं हे कळल्याशिवाय कांडी काढून घेतली, तर तो त्या कामासाठी दुसरं काही शोधेल. एका मुलाने मला सांगितलं, ‘मॅडम, क्लासच्या टेस्टचा रँक रात्री नऊला ग्रुपवर येतो. मी पावणेनऊला घेतो.’ त्याच्याशी आम्ही व्हेपवर कमी आणि त्या नऊ वाजण्यावर जास्त बोललो.

त्या कांडीत काय असू शकतं तेही समजून घ्या. साध्या सिगारेटचा पहिला झुरका घशाला बोचतो, मुलगा खोकतो, काही तिथेच थांबतात. व्हेपमध्ये बहुतेक वेळा निकोटिनचं क्षार रूप असतं. ते बोचत नाही, म्हणून जास्त निकोटिन सहज आत जातं, आणि मुलांना तो आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा वासच लक्षात राहतो. काही कांड्यांत गांजाचा अर्क असतो आणि तो बाहेरून ओळखता येत नाही. अमेरिकेत २०१९ साली अशा कांड्यांमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली होती. २८०० हून जास्त लोकांना दवाखान्यात भरती करावं लागलं, ६८ जण गेले. तिथल्या बऱ्याच कांड्यांत गांजाच्या अर्काला दाटपणा यावा म्हणून ई जीवनसत्त्वाचं एक तेल मिसळलेलं होतं. चोरट्या बाजारातल्या मालात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मुलाला घाबरवायला नाही, पण माहिती म्हणून हे जरूर सांगा. खरी माहिती मुलं ऐकतात. ‘एका झुरक्याने आयुष्य संपतं’ असं सांगितलंत तर ऐकणार नाहीत, कारण झुरका मारून आयुष्य न संपलेले चार मित्र त्यांच्या समोर असतात.

बोलायचं कसं? समोरासमोर खुर्च्या मांडून नको. स्कूटरवर मागे बसून, भाजी आणायला जाताना, भांडी पुसताना बोला. नजर भिडवावी लागत नाही तिथे या वयाची मुलं जास्त बोलतात. रात्री अकराला नको, क्लासहून दमून आल्यावर नको. सुरुवात आपल्या बाजूच्या खरेपणाने करा: ‘तुझ्या कंपासपेटीत मला व्हेप मिळालं. मी तुझा फोनही न विचारता पाहिला. ते मी करायला नको होतं. मला भीती वाटली म्हणून केलं. आज मी ओरडणार नाही, मला आधी समजून घ्यायचंय.’ आणि मग गप्प बसा. ही शांतता फार जड जाते, पण ती तुम्ही भरून काढू नका.

तो बहुतेक म्हणेल, ‘माझं नाहीये, मित्राचं आहे.’ इथे नव्वद टक्के पालक वकील होतात आणि उलटतपासणी सुरू होते. तुम्ही म्हणा, ‘बरं. मग त्या मित्राबद्दल सांग. तो कधी घेतो? त्याला काय वाटतं घेतल्यावर? त्याला सोडावंसं वाटतं का?’ मित्राचं नाव पुढे करून मुलं स्वतःबद्दल दहा-दहा मिनिटं बोललेली मी ऐकली आहेत. त्यातच एखाद्या वाक्यात ‘तो’चा ‘मी’ होतो. तो झालेला तुम्ही ऐकलात असं दाखवू नका.

त्याच बैठकीत एक गोष्ट मात्र तुम्ही स्पष्ट सांगायची: ‘कोणी तुझा व्हिडिओ काढला असेल, पैसे मागत असेल, किंवा एखादं पाकीट कुठे पोचवायला सांगत असेल, तर रात्री दोन वाजता उठवून मला सांग. पैसे देऊ नकोस, काही डिलीट करू नकोस. मी तुझ्या बाजूने उभी राहीन.’ पाकिटाचं मुद्दाम लिहिलंय. विकणारे कोवळ्या पोरांना फुकट व्हेप देऊन पोचवायच्या कामाला लावतात आणि पोराला वाटतं, आपण मित्राची मदत करतोय. बाल न्याय कायदा, २०१५ यात लहान मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला आणि त्याच्याकरवी तो विकवणाऱ्या किंवा वाहून नेववणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणजे कायदा त्या मोठ्याकडे बोट दाखवतो, हे तुमच्या मुलाला कळू दे. गांजा मात्र थोडाही जवळ बाळगणं गुन्हाच आहे. अठराच्या आतल्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण त्याने भोगायचा त्रास लहान नसतो, हेही त्याला सांगा. कोणी व्हिडिओवरून पैसे मागत असेल तर स्क्रीनशॉट ठेवून १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. वर सांगितलेल्या मुलीच्या प्रकरणात आईवडील पोलिसांत गेले, मागणाऱ्या मुलाच्या घरी फोन गेला आणि दोन दिवसांत मेसेज थांबले. गोळी सुटायला चार महिने लागले.

एक खूणही ठरवून ठेवा. मित्रांत बसलाय, निघायचंय पण निघवत नाही, अशा वेळी त्याने ‘आजीची गोळी आणायची आहे का’ असा मेसेज टाकायचा. तुम्ही लगेच फोन करून जरा रागाने ‘आत्ताच्या आत्ता घरी ये’ म्हणायचं. दोष तुमच्यावर, मुलगा सुटला. त्या रात्री प्रश्न विचारायचे नाहीत. सकाळी विचारा.

आता फोन. काढून घेऊ नका. मुलाकडे दुसऱ्या दिवशी मित्राचा जुना फोन येतो आणि तो तुम्हाला दिसतही नाही. शिवाय न घेणारे मित्रही त्याच फोनमध्ये असतात, तेही तुटतात. पण मोकळा सोडा असंही मी म्हणत नाही. रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सकाळी साडेसहाला परत. सगळे म्हणजे तुमचे दोघांचेही. हा नियम फक्त मुलापुरता केलात तर आठवडाभर टिकेल. आणि एखाद्या रविवारी त्याच्या शेजारी बसून त्यालाच म्हणा, ‘तुझं फीड मला दाखव, हे असं का येतं ते मला शिकव.’ नको ते पुढे येऊ नये म्हणून खूण करायची, अकाउंट म्यूट करायची, काही अ‍ॅपमध्ये शिफारशी पुसून नव्याने सुरू करायची सोय असते. ते त्याच्या हाताने होऊ दे. यूपीआयचा हिशेबही दोघांनी मिळून पाहा. एकाच नावाला दर आठवड्याला गेलेली तीनशे-चारशेची रक्कम पुष्कळ सांगून जाते. विकणाऱ्याचे मेसेज किंवा धमक्या सापडल्या, तर मात्र तो फोन पुरावा आहे. तेव्हा तुम्ही ताब्यात घ्या, त्याला सांगून.

टेस्ट गुपचूप करू नका. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्ट्यांमध्ये निकोटिन सहसा दिसतच नाही. गांजा कधीतरी घेणाऱ्याच्या लघवीत काही दिवस दिसतो, रोज घेणाऱ्याच्या काही आठवडे. म्हणजे पट्टीवर काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही, आणि गांजा दिसला तरी आज घेतला की तीन आठवड्यांपूर्वी हे कळत नाही. एवढ्यासाठी विश्वास गमवायचा? उपचार सुरू असताना मुलाच्या संमतीने टेस्ट करतात, तेव्हा तिचा उपयोग होतो.

गावी पाठवण्याबद्दल यजमानांना माझ्या वतीने सांगा की त्यांची काळजी मला समजते. पण गावात नेटवर्क आहे, तंबाखू आहे, आणि आजोबांना यातलं काही माहीत नाही. निकोटिन सुटताना पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट असतात. चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणं, अभ्यासात लक्ष न लागणं, सारखं खावंसं वाटणं. हे दोन ते चार आठवडे चालू शकतं. ज्याला हे ठाऊक नाही त्याला मुलगा उद्धट झालाय असंच वाटतं, आणि नेमकं सोडायचा प्रयत्न करणाऱ्या मुलाला मार बसतो. हे दिवस त्याने तुमच्याजवळ काढावेत. घरात फुटाणे, काकडी, गाजर ठेवा. संध्याकाळी कोणीतरी त्याच्याबरोबर चालायला जा. आणि घरात मशेरी, तंबाखू किंवा रविवारचं ‘बसणं’ असेल, तर त्यावर मुलाने बोट ठेवायच्या आधी तुम्हीच बोला. तो ठेवणारच आहे.

बाहेरची मदत कधी घ्यायची? दोन-तीन वेळा मनापासून सोडायचा प्रयत्न करून जमलं नाही, एकटा रोज घेतोय, शाळा-क्लास बुडतायत, तर थांबू नका. १४४४६ ही केंद्र सरकारची नशामुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी १४४१६ वर टेली-मानस आहे. मुलगा स्वतः फोन करणार असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. तो संशयी झाला, कानात आवाज येतात म्हणाला, रात्र-रात्र जागा राहतोय, किंवा मरणाचं बोलला, तर हेल्पलाइनवरही वेळ घालवू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. घराण्यात कोणाला स्किझोफ्रेनिया असेल तर कोवळ्या वयातला गांजा फार धोक्याचा, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. कधी बेशुद्ध सापडला, तर लिंबूपाणी, ताक, काहीही तोंडात घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. भरती करायची वेळ आलीच, तर अल्पवयीन मुलांना प्रौढांपासून वेगळं ठेवतात की नाही हे आधी डोळ्यांनी पाहून या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ते बंधनकारक आहे. तुमच्या पत्रात तरी मला भरती करण्याजोगं काही दिसत नाही.

राहिली धाकटी. ताई, तिला बहुतेक तुमच्या आधीपासून माहीत आहे. तुम्ही परवा पाहिलेली ती स्टोरी दादाच्या त्या दुसऱ्या अकाउंटवरची. तिथे ती त्याला फॉलो करते का, हे मुलालाच विचारा. करत असेल, तर ती पोर कदाचित महिनोन्‌महिने हे एकटीने पोटात ठेवून आहे, दादाला मार बसेल या भीतीने. तिच्यापासून लपवू नका, आणि तिला हेरही करू नका. मुलाशी तुमचं बोलणं झालं की त्याला सांगून मग तिच्याजवळ बसा. म्हणा, ‘दादाचं आम्हाला कळलंय. आम्ही त्याच्यावर चिडून बसलेलो नाही, त्याला मदत करतोय. तुला आधीपासून माहीत असेल, तरी तुझं काही चुकलेलं नाही.’ मग तिला काय सांगायचं असेल ते ऐका. त्या दिवशी घाई ठेवू नका, तिला वेळ लागेल.